घाम गाळला म्हणजे व्यायाम झाला का?

पोलाद कारखान्यात उमेद घालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर गुडघे धरून का बसतो? दिवसभर घरात राबणाऱ्या बाईला डॉक्टर पुन्हा ‘चाला’ असे का सांगतात? अंगमेहनत आणि व्यायाम यांच्यातला फरक जगभरचे संशोधक गेली सत्तर वर्षे शोधत आहेत. त्यातून हाती आलेल्या काही गोष्टी आपल्या समजुतींना धक्का देणाऱ्या आहेत.

पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास भिलाईच्या सेक्टरांमधले सरळसोट रस्ते जागे होतात. पहिल्या पाळीला निघालेले कामगार एका दिशेने जात असतात, तर पायात कॅनव्हासचे बूट घालून, डोक्याला मफलर गुंडाळून फिरायला निघालेली निवृत्त मंडळी दुसऱ्या दिशेने. एकेकाळी पाळी सुटली की या रस्त्यांवर सायकलींचा पूर लोटायचा. आता त्यांची जागा मोटारसायकली आणि स्कूटरनी घेतली आहे. कारखान्याच्या फाटकापर्यंतचे दोन-चार किलोमीटरसुद्धा आता कोणी पायडल मारत जात नाही.

सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्याआधी, १९५६ पर्यंत, हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या राज्यातच होता. साहजिकच नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे इथे कायमची स्थिरावली. इथल्या रुळांवरून देशभर रेल्वे धावते याचा अभिमान या घरांमध्ये आजही आहे, आणि तो योग्यच आहे.

पण याच घरांमध्ये एक संवाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचे सांगितलेले असते. बायको म्हणते, “अहो, उद्यापासून सकाळी फिरायला चला.” त्यावर उत्तर ठरलेले, “आठ तास भट्टीपुढे उभा राहतो, लोखंड उचलतो, चिंब घामाने घरी येतो. आणखी काय व्यायाम करू?”

उत्तर वरवर बिनतोड वाटते. अंग हलते आहे, घाम येतो आहे, दमही लागतो आहे. मग आणखी काय हवे? याच प्रश्नाभोवती व्यायामाच्या संशोधनाचा सगळा इतिहास फिरतो. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात कुठल्या आखाड्यात किंवा व्यायामशाळेत झाली नाही. ती झाली लंडनच्या दुमजली बसमध्ये.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू झपाट्याने वाढू लागले होते. कारण कोणालाच नीट कळत नव्हते. डॉ. जेरी मॉरिस नावाच्या संशोधकाला वाटले की माणसाच्या नोकरीशी याचा संबंध असावा. त्याने लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांची माहिती गोळा केली. बस तीच, रस्ता तोच, दोघांचे राहणीमानही सारखेच. फरक एवढाच की ड्रायव्हर कामाचा बहुतेक वेळ बसून काढायचा, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभरात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा-उतरायचा.

१९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा व बेताचा होत होता. ड्रायव्हरांमध्ये मात्र पहिल्याच झटक्यात दगावणारे जास्त. टपाल खात्यातही तेच दिसले. सायकलवरून किंवा पायी पत्रे वाटणारे पोस्टमन टेलिफोनपाशी बसणाऱ्या कर्मचाऱ्यांपेक्षा सुरक्षित होते.

टीकाकार म्हणाले, जाड माणसेच ड्रायव्हरची नोकरी धरत असतील! तेव्हा मॉरिसने वाहतूक खात्याने शिवून दिलेल्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर खरोखरच मोठी निघाली. म्हणजे टीकेत तथ्य होते. मात्र कंबरेचे माप सारखे असलेले ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारी ठेवून पाहिले, तरी ड्रायव्हरच जास्त धोक्यात होते. नुसती चरबी नव्हे, बसून राहणेही घातक होते. स्वतः मॉरिस म्हातारपणीही नियमित व्यायाम करत राहिला आणि २००९ साली, शंभरीला काही महिने उरले असताना वारला.

आपल्याकडेही त्याच सुमारास असाच एक अभ्यास झाला, तो फारसा कोणाला ठाऊक नाही. कलकत्त्याजवळच्या लडलो ज्यूट मिलमधल्या २१३ कामगारांचे खाणे आणि वजन अमेरिकेतले आहारतज्ज्ञ जीन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यात गल्ल्यावर बसणारे दुकानदार होते, कारकून होते, विणकर होते, आणि राख-कोळसा वाहणारे हमालही होते. १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हलके काम करणाऱ्यापासून अतिजड काम करणाऱ्यापर्यंत जसजसे कष्ट वाढत, तसतसे खाणे वाढे आणि वजन जवळपास तेवढेच राही. शरीर आपोआप हिशेब जुळवत होते. पण अगदी बसून राहणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हा हिशेब साफ बिघडला होता. कष्ट सर्वांत कमी, तरी त्यांचे खाणे कमी झाले नव्हते, उलट ते जास्तच होते. वजनेही अर्थातच जास्त.

निवृत्तीच्या पहिल्या वर्षात पोट का सुटते, याचे उत्तर या तागाच्या गिरणीत सापडते. काम थांबते, पण भूक थांबत नाही. ताटातल्या पोळ्या पूर्वीइतक्याच राहतात, आणि वर दुपारच्या चहाबरोबर चिवड्याची भर पडते.

मग राबणाऱ्याचे हृदय का थकते?

एवढे वाचून कामगार म्हणेल, “बघा, मी म्हणत नव्हतो? कंडक्टर वाचला, हमाल वाचला. मीही वाचणार.” दुर्दैवाने गोष्ट इतकी सरळ नाही.

गेल्या काही वर्षांत डेन्मार्क, नेदरलँड्स वगैरे देशांतल्या संशोधकांना एक कोडे पडले. हौसेने, फुरसतीच्या वेळात केलेला व्यायाम आयुष्य वाढवतो, यावर सगळ्यांचे एकमत आहे. पण पोटासाठी केलेले जड काम तसे करते का? २०१८ साली १७ अभ्यासांमधली जवळजवळ १ लाख ९४ हजार माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. कामावर खूप जड कष्ट करणाऱ्या पुरुषांमध्ये लवकर मृत्यू येण्याचा धोका हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त आढळला. स्त्रियांमध्ये तसा स्पष्ट फरक दिसला नाही. शास्त्रज्ञांनी याला शारीरिक कष्टांचा विरोधाभास असे नाव दिले.

असे का व्हावे? व्यायाम करणारा माणूस अर्धा-पाऊण तास जोरात चालतो, नाडी वाढते, मग तो थांबतो आणि शरीराला पुरती विश्रांती मिळते. हृदयाला ताण मिळतो आणि सावरायला वेळही मिळतो. कामावरचे कष्ट याच्या उलट असतात. आठ-आठ तास तेच, आठवड्यातून सहा दिवस. नाडी फार वाढत नाही, पण दिवसभर थोडी चढलेलीच राहते. रक्तदाब रात्रीसुद्धा पुरता उतरत नाही. वजन उचलताना, एकाच जागी वाकून किंवा उभे राहून काम करताना स्नायू आवळलेले राहतात, त्यामुळे रक्तदाब आणखी वाढतो. त्यात उष्णता, धूळ, आवाज आणि रात्रपाळीची जागरणे. शिवाय कधी थांबायचे हे कामगाराच्या हातात नसते, ते पाळीच्या वेळापत्रकावर ठरते.

अर्थात हा वाद अजून मिटलेला नाही. जड काम करणाऱ्यांची मिळकत कमी, शिक्षण कमी, बिडी-सिगारेटचे प्रमाण जास्त; दोष कामाचा की गरिबीचा, हे वेगळे काढणे अवघड जाते. २०२१ साली नॉर्वेतल्या ४ लाख ३७ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात या सगळ्या गोष्टींचा हिशेब धरल्यावर कष्टाचे काम करणारे पुरुष उलट थोडे जास्त जगतात, असे दिसले. तेव्हा कष्टाने आयुष्य घटते असे ठामपणे म्हणण्याचे कारण नाही. पण कामावर घाम गाळला म्हणजे व्यायामाचे पुण्य आपोआप पदरात पडले, असे समजण्यालाही आधार उरलेला नाही. शिवाय लंडनच्या कंडक्टरचे काम आठवा. तो चालत होता, चढत होता, अधूनमधून थांबत होता. त्याच्या डोक्यावर ओझे नव्हते.

आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. आजचा कारखाना १९५९ सालचा नाही. फावड्याने कोळसा ओढण्याची कितीतरी कामे यंत्रांनी उचलली आणि माणूस नियंत्रण कक्षातल्या खुर्चीवर, पडद्यासमोर जाऊन बसला. तो पोलाद कारखान्यात काम करतो खरा, पण त्याचे शरीर लंडनच्या ड्रायव्हरचे आयुष्य जगत असते.

बारीक दिसणारा ‘जाड’ माणूस

“माझे वजन कुठे जास्त आहे?” हा आपल्या घरांमधला दुसरा आवडता युक्तिवाद. त्याला चोख उत्तर पुण्यातून मिळाले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही अगदी एकच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण यंत्राने मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. भारतीय माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटाभोवती. हे अंग जन्मतःच तसे घडायला लागते, हे याज्ञिकांच्या गटाने नवजात बालकांच्या अभ्यासातून दाखवले आहे.

याचा व्यायामाशी काय संबंध? जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठारच लहान असेल तर साखर रक्तात तुंबणारच. पण स्नायू हलू लागला की तो इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवणानंतरची शतपावली ही आजीबाईंची नुसती सवय नव्हती, त्यामागे शरीरशास्त्र होते.

चेन्नईचे डॉ. अंबादी रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना आहार सांभाळायला आणि रोज निदान अर्धा तास भरभर चालायला लावले, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर आले. औषधाच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फरक पडला. चालणे आणि गोळी दोन्ही एकत्र दिल्याने फायदा आणखी वाढला नाही. आणि भिलाईच्या मंडळींनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, जे आधीच रोज अर्ध्या तासाहून अधिक चालत किंवा सायकल चालवत होते, त्यांना त्यांचा नेहमीचा क्रम तसाच चालू ठेवायला सांगितले होते. फाटकापर्यंतची सायकल म्हणजे औषधच होते. ते बंद झाल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही.

पडून राहा, हे औषध नव्हे

फिजिओथेरपी म्हटले की आपल्याकडे शेक घेणे आणि करंट लावणे एवढेच आठवते. वस्तुतः या शास्त्राने भारतात मूळ धरले ते पोलिओमुळे. १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली. पोलिओच्या साथीने अपंग झालेल्या मुलांना पुन्हा उभे करणे हा तिचा पहिला उद्देश. लुळ्या पडलेल्या पायात जी काही ताकद उरली आहे ती शोधायची, मोजायची आणि वाढवत न्यायची, हे या विद्येचे सूत्र तेव्हापासूनचे आहे. शेक आणि करंट हे त्यातले दुय्यम सोबती.

कंबर धरली की आडवे व्हायचे, फळीवर झोपायचे, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. डॉक्टरही तोच देत. फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथल्या महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर याची परीक्षा झाली. नुकतीच कंबर धरलेल्या या लोकांचे तीन गट केले. पहिल्या गटाला दोन दिवस झोपून राहायला सांगितले, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, आणि तिसऱ्याला सांगितले की झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. १९९५ साली निकाल जाहीर झाला. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट, आणि सर्वांत उशिरा झोपून राहिलेला. दुखणे ताजे असताना जोरदार व्यायामही तितका उपयोगी नाही, हे याच अभ्यासाने दाखवले. रोजचे साधे हिंडणे-फिरणेच श्रेष्ठ ठरले.

अंथरूण माणसाला किती झपाट्याने खाते, याचा सर्वांत विलक्षण पुरावा अमेरिकेतल्या डॅलस शहराचा आहे. १९६६ साली विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची दमछाक सोसण्याची ताकद पाव हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. आता ते पन्नाशीत होते, वजने वाढली होती. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी ताकद नेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती! आजारी आजोबांना “तुम्ही उठू नका, पाणी इथेच आणून देते” म्हणणाऱ्या प्रेमळ सुनांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. डॉक्टरांनी मना केले नसेल तर पाण्याचा तांब्या आजोबांनाच आणू द्यावा.

२०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वेरी विद्यापीठातल्या फिजिओथेरपिस्टांनी ७०१ माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे नुकतेच कंबरदुखीतून उठलेले होते. कंबरदुखीची खोड अशी की ती पुन्हापुन्हा येते. अर्ध्या लोकांना फिजिओथेरपिस्टने चालण्याचा कार्यक्रम आखून दिला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा-अर्धा तास चालण्यापर्यंत जायचे, आणि जोडीला पाठीविषयी समजावून सांगणे. उरलेल्यांना काहीच दिले नाही. न चालणाऱ्यांची कंबर मध्यम हिशेबाने ११२ दिवसांत पुन्हा धरली, चालणाऱ्यांची २०८ दिवसांत. यंत्र नाही, पट्टा नाही, गोळी नाही. फक्त पायी चालणे.

गुडघ्यांचे काय? झिजलेला गुडघा चालल्याने आणखी झिजेल, या भीतीने कित्येक जण घरात बसतात. गुडघा म्हणजे काही गाडीचे टायर नव्हे. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो आणि सुटतो, त्यातूनच तिला पोषण मिळते. मांडीचा पुढचा स्नायू भक्कम असेल तर तो गुडघ्याचा भार वाटून घेतो. शंभराहून अधिक चाचण्यांचा २०२४ सालचा आढावा सांगतो की व्यायामाने गुडघेदुखी आणि हालचाल यांत सुधारणा होते. मात्र ती माफक असते आणि व्यायाम सोडला की फार टिकत नाही. चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. पण पोट, साखर, रक्तदाब आणि झोप यांना होणारा फायदा त्यात धरला, तर सौदा मुळीच वाईट नाही.

घरकाम आणि व्यायाम

पुरुषांची गोष्ट बरीच झाली. घरातल्या बाईचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि रात्री अकराला संपतो. तिला कोणी “तुम्ही हालचाल कमी करता” म्हणाले तर तिला राग येणे स्वाभाविक आहे.

तरीही आकडे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होते, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के. वर्ष २००० मध्ये सगळे मिळून ते सुमारे २२ टक्केच होते. दोन दशकांत दुपटीहून जास्त वाढ! त्याआधी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या १४ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली होती. तिच्या २०१४ सालच्या अहवालात विरंगुळा म्हणून खेळणारे किंवा व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले.

आजीच्या काळात जाते होते, पाटा-वरवंटा होता, विहिरीचा रहाट होता. त्या कामांत खांदे, पाठ, पाय सगळे जोर लावून हलत. मिक्सर, गॅस आणि धुण्याच्या यंत्राने बाईची हाडे वाचवली, हे उत्तमच झाले, पुन्हा जात्यावर बसा असे कोणी सांगू नये. पण आता तिचे काम उरले ते ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहण्याचे. पाय ताठ, कंबर किंचित वाकलेली, मान खाली. त्याने थकवा पुरेपूर येतो, पण नाडी वाढत नाही. झाडणे, फरशी पुसणे, जिने चढणे यांनी दम थोडा वाढत असेल तर ते हिशेबात धरायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात हालचाल सलग दहा मिनिटांची असलीच पाहिजे ही जुनी अटही काढून टाकली आहे. पाच मिनिटांचीही मोजायची.

खरी अडचण वेळेची आहे. सकाळी सात वाजता डबे भरायचे असताना बाईने फिरायला जायचे कधी? या प्रश्नाचे उत्तर व्यायामाच्या पुस्तकात मिळणार नाही. डबा कोणीतरी दुसऱ्याने भरला, तरच ते मिळेल.

किती आणि कसा?

प्रौढ माणसाने आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे बेताची हालचाल करावी, किंवा जोरकस असेल तर त्याच्या निम्मी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. पासष्टीनंतर यात तोल सांभाळण्याच्या व्यायामांची भर, आठवड्यातून तीन दिवस, कारण म्हातारपणी पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हे पुष्कळदा अंथरूण धरण्याचे निमित्त होते.

‘बेताची’ म्हणजे किती? चालताना शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. मिनिटाला साधारण शंभर पावले पडली की ती चाल आली. मैत्रिणींबरोबर दर दोन मिनिटांनी थांबत केलेला फेरफटका मनाला चांगला, पण तो या खात्यात जमा होत नाही.

रोज दहा हजार पावले हवीत, हे आता जो तो सांगतो. या आकड्याचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र बाजारात आले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मीटर’ असे होते. जाहिरातीचा आकडा पुढे आरोग्याचा नियम होऊन बसला. २०१९ साली सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला, आणि ७५००च्या पुढे फायदा वाढेनासा झाला. २०२५ सालच्या मोठ्या आढाव्यातही सात हजारांचा आकडा पुरेसा ठरला. म्हणजे जो घरातून बाहेरच पडत नाही, त्याने दीड-दोन हजार पावले वाढवली तरी सर्वांत मोठा लाभ त्यालाच.

कार्यालयात दिवसभर बसणाऱ्यांसाठीही दिलासा आहे. दहा लाखांहून अधिक लोकांच्या २०१६ सालच्या अभ्यासात असे आढळले की रोज आठ तास बसणाऱ्याने तासभर ते सव्वा तास बेताची हालचाल केली, तर बसण्याने वाढलेला मृत्यूचा धोका जवळजवळ पुसला जातो. मुलांना मात्र रोज तासभर धावणे-खेळणे हवेच. स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्यांसाठी भिलाईचे नाव मोठे आहे. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, रात्री अभ्यास, या रगाड्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला तो तास येतो का, हे पालकांनी एकदा त्याच्या वेळापत्रकात शोधून पाहावे.

ताकदीच्या व्यायामांसाठी व्यायामशाळेची वर्गणी भरायची गरज नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे, दहा वेळा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी म्हणजे सरकत नाही. ओट्याला धरून टाचा उचलणे. बसल्या बसल्या पाय समोर ताठ करून पाच मोजेपर्यंत धरणे. ओट्यापाशीच, हात लावता येईल अशा बेताने, एका पायावर उभे राहणे. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांचा प्रसार केला तो ‘कमी जागेत सर्वांगाला व्यायाम’ याच भूमिकेतून. मात्र गुडघे किंवा मनगटे दुखत असतील, रक्तदाब ताब्यात नसेल, तर साठीनंतर ते नव्याने सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत झाले तर प्रमाण बरोबर आहे. सांधा सुजला किंवा दुखणे दिवसभर टिकले, तर पुढच्या वेळी निम्मे करावे. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबून ताबडतोब रुग्णालय गाठावे. मधुमेहाच्या रोग्यांनी चप्पल घालून लांब चालू नये, बंद बूट आणि मोजे घालावेत, आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये सूर्य वर येण्याआधी परतलेले बरे.

राहता राहिला तो पाळीवरचा कामगार, ज्याच्या उत्तराने हा विषय सुरू झाला. रात्रपाळी करून आलेल्या, ओझी उचलून आंबलेल्या माणसाला आणखी पळायला लावण्यात शहाणपण नाही. त्याला आधी झोप हवी. त्याचा व्यायाम सुट्टीच्या दिवशी आणि हलक्या पाळीच्या आठवड्यात वीस मिनिटांच्या मोकळ्या, ओझ्याविना चालीने सुरू करावा, आणि दिवसभर ज्या बाजूला वाकून काम होते त्याच्या उलट दिशेने पाठ व खांदे ताणावेत. नियंत्रण कक्षातल्या माणसाला ही सवलत नाही. त्याने फाटकापर्यंतच्या त्या दोन-चार किलोमीटरांसाठी अडगळीतली सायकल बाहेर काढावी, साखळीला तेल द्यावे आणि चाकांत हवा भरून घ्यावी.